सहाजणी म्हणजे किती?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. भगिनींच्या आग्रहावरून लिहून काढून येथे दिले आहे.)



यंदाच्या वर्धापनदिनाला भाषणासाठी कोणाला बोलवावे, ह्याची चर्चा कार्यकारिणीत चालली होती, तेव्हा मी आतल्या मोरीवर चहाचे कप विसळीत होते. कोणीतरी म्हणाले, "बाहेरून कशाला माणूस आणायचे? ही आहेच की!" कप हातात असल्यामुळे मला नाही म्हणता आले नाही. तेव्हा आज मी पाहुणी म्हणून नव्हे, तर तुमच्यातलीच एक म्हणून उभी आहे, हे ध्यानात ठेवून ऐकून घ्यावे ही विनंती.

माझा व्यवसाय नेमका काय, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक नाही. मोबाइलवरचे ॲप, बँकेचे यंत्र, तिकिटाच्या खिडकीच्या जागी आलेला पडदा, ह्या वस्तू माणसे कशी वापरतात, कोठे अडखळतात, कशाला भितात, हे त्यांच्याशेजारी बसून पाहायचे आणि त्या वस्तू तयार करणाऱ्यांना जाऊन सांगायचे, हे माझे काम. इंग्रजीत ह्याला यूएक्स रिसर्च म्हणतात. माझ्या सासूबाई विचारणाऱ्याला सांगतात, "ती लोकांच्या घरी जाऊन चहा पिते आणि त्याचा तिला पगार मिळतो." व्याख्या म्हणून ही काही वाईट नाही.

ह्या कामाच्या दोन वाटा आहेत. एक ऐकण्याची, तिला गुणात्मक म्हणतात. दुसरी मोजण्याची, तिला संख्यात्मक म्हणतात. पहिल्या वाटेवर थोड्या माणसांपाशी पुष्कळ वेळ बसायचे असते, दुसऱ्या वाटेवर पुष्कळ माणसांची थोडी थोडी माहिती घ्यायची असते. मी बारा वर्षे पहिल्याच वाटेने चालले. दुसरीकडे वळले नाही, त्याचे कारण तत्त्वाचे नव्हते. मला गणिताची भीती वाटत असे, एवढेच. शाळेत गणिताच्या तासाला पोटात दुखे, ते दुखणे नोकरी लागल्यावर थांबले. ते पुन्हा कोणाला सुरू व्हायला हवे आहे? शिवाय आम्ही ऐकणाऱ्या मंडळींनी मनाशी एक समजूतही करून घेतलेली असते, की आकडेवाल्यांना माणूस दिसत नाही, आम्हांला दिसतो. ह्या समजुतीत ऊब फार असते. आमच्या कार्यालयात ऐकणाऱ्यांच्या टेबलाशी बहुतेक मुली आणि मोजणाऱ्यांच्या टेबलाशी बहुतेक मुलगे, अशी विभागणीही आपोआप होऊन गेली होती, आणि तिचे मला कधी नवल वाटले नव्हते.

आता जे घडले ते सांगते. सांगायला बरे वाटत नाही, पण ते गाळून पुढचे बोलता येणार नाही.

एक कंपनी लहान गावांतल्या बायकांना छोटी कर्जे देत असे. हप्ता घ्यायला तिचा माणूस दर महिन्याला दारी येई. पुढे कंपनीने मोबाइलवरून हप्ता भरण्याची सोय केली आणि ती बायकांना जमते आहे की नाही, हे पाहायला मला कऱ्हाडच्या बाजूला पाठविले. मी आठजणींच्या घरी गेले. प्रत्येकीपाशी दोन दोन तास बसले. सहाजणींना सोय मनापासून आवडली होती. एकीने तर मला ओटीपी म्हणजे काय ते समजावून दिले. वर म्हणाली, "तो हप्तेवाला दारात आला की शेजारणींना कळायचे, आता कोणाला कळत नाही." किती मोलाचे वाक्य! मी ते अहवालाच्या पहिल्या पानावर घातले. आणि त्याच्याच खाली लिहिले, "७५ टक्के स्त्रिया नवी पद्धत सहज वापरतात."

आठांतल्या सहा म्हणजे ७५ टक्के. भागाकार बरोबर आहे. चौथीतल्या मुलालाही येईल.

कंपनीने तो आकडा उचलला. घरी जाणारी माणसे त्या भागातून काढून घेतली. चार महिन्यांनी मी दुसऱ्याच कामासाठी तिकडे गेले असता एका वाडीत एक बाई भेटली. तिच्या घरात मोबाइल एकच, आणि तो मुलाबरोबर पुण्याला. हप्त्याचे पैसे तिच्याजवळ डब्यात तयार असत, पण ते घ्यायला कोणी येत नसे. चार हप्ते चुकले होते आणि चारांवर दंड चढला होता. मी माझे काम काय ते सांगितले, तेव्हा ती रागावली नाही. तिने विचारले, "मग तेव्हा आमच्या वाडीत का नाही आलात?"

का नाही गेले? मी परत येऊन जुनी टिपणे काढली. त्या आठजणींची नावे मला कोणी दिली होती? कंपनीच्या वसुली करणाऱ्या माणसाने. आणि त्याने कोणाची दिली? ज्या हसून बोलतील, वेळेवर भरतात, फोन उचलतात, त्यांची. त्याने लबाडी केली असे मी म्हणत नाही. घरी पाहुणा येणार म्हटल्यावर आपणही बरी खोलीच दाखवितो.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक बाई राहतात. महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या आहेत. मी त्यांच्याकडे गेले आणि सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, सांत्वन मुळीच केले नाही, आणि म्हणाल्या, "शनिवार-रविवार सकाळी येत जा. वही आण." त्या वेळी माझे वय एक्केचाळीस होते.

पहिल्या दिवशी त्यांनी फळा नाही, वही नाही, एक म्हण काढली. "शितावरून भाताची परीक्षा कशी होते, सांग." मी म्हटले, एक शीत दाबून पाहिले की कळते. "नेहमी कळते?" मग माझ्या लक्षात आले. पातेले मोठे असले, चूल एका बाजूने पेटती असली, तर वरचे शीत कच्चे आणि खालचा भात लागलेला, असेही होते. शीत खरे बोलते ते भात सगळीकडे सारखा शिजत असला किंवा आधी तळापासून ढवळलेला असला तरच. माणसांचे पातेले कधीच सारखे शिजत नाही, म्हणून ते ढवळावे लागते. ढवळणे म्हणजे चिठ्ठ्या टाकणे. ज्यांच्याविषयी बोलायचे, त्या सगळ्यांची यादी घ्यायची आणि नशिबाने नावे काढायची. कोणाच्या मर्जीने नव्हे, आपल्याही मर्जीने नव्हे. आणि गंमत पाहा, भात नीट ढवळलेला असेल तर पातेले पाच माणसांचे की पाचशे माणसांचे, ह्याने फारसा फरक पडत नाही. शिते तेवढीच पुरतात. आपल्या देशात राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० साली सुरू झाली, प्रशांतचंद्र महालनोबीस ह्यांच्या पुढाकाराने. एवढ्या अफाट देशाची स्थिती थोड्या घरांवरून सांगण्याचे धाडस करता आले ते ह्याच बळावर. मी मात्र वरचे वर आठ शिते उचलली होती, आणि तीही वाढप्याने निवडून दिलेली.

दुसरी गोष्ट बाईंनी सांगितली ती आपल्या सातारा जिल्ह्यातल्या एका थोर माणसाची. डॉ. पां. वा. सुखात्मे मूळचे बुधचे. शेतात पीक किती आले, हे काढायचे तर सगळे शेत कोण कापून मोजणार? म्हणून चिठ्ठ्या टाकून एक तुकडा ठरवायचा, तेवढाच कापायचा आणि वजन करायचे. सुखात्म्यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिले की हा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येते. कारण काय असेल? कडेवर उभी असलेली रोपे! आत धरायचे की बाहेर, असा संशय आला की माणसाचा हात ते रोप आत ओढतो. तुकडा लहान, म्हणजे त्याला त्या मानाने कड जास्त, म्हणून चूकही जास्त. हे ऐकले तेव्हा मी वही मिटून बसले. मला तो वसुलीचा माणूस आठवला आणि मीही आठवले. कडेवरचे रोप आत ओढायला लबाडी लागत नाही, चांगला हेतूही पुरतो.

आता चहाचा प्रसंग. ह्याची आमच्या घरात अजून चर्चा आहे.

रोनाल्ड फिशर नावाचे मोठे इंग्रज संख्याशास्त्रज्ञ होऊन गेले. ते रॉदमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात असताना त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या म्युरिएल ब्रिस्टल ह्या बाईंनी म्हटले की, कपात आधी दूध घातले की आधी चहा, हे मी चवीवरून ओळखते. झाले! परीक्षा ठरली. फिशरनी आपल्या १९३५ सालच्या पुस्तकात असाच प्रयोग मांडला आहे. आठ कप, चार एका प्रकारचे, चार दुसऱ्या प्रकारचे, क्रम नशिबाने लावलेला. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात. म्हणजे नुसते डोळे मिटून अंदाज केला तर सगळे बरोबर येण्याचा संभव ७० तून एक.

माझ्या सासूबाईंचे म्हणणे असे, की चहात आले किसून घातले की ठेचून घातले, हे त्यांना पहिल्या घोटाला कळते. किसलेल्या आल्याचा चहा त्या बाजूला सारतात. मी बाईंना हे सांगितले मात्र, पुढच्याच रविवारी आठ कप मांडले गेले. चार किसलेल्याचे, चार ठेचलेल्याचे, गाळून, एकाच रंगाच्या कपांत. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरविला, तोही बाईंनी, मला न दाखविता, कारण माझ्या चेहऱ्यावरून सासूबाईंना उत्तर कळले असते. कोणते चार किसलेले, ते सासूबाईंनी सांगायचे. त्यांनी प्रत्येक घोटानंतर पाण्याची चूळ भरली. आमच्या घरात इतकी शांतता मी पूर्वी कधी पाहिली नव्हती.

चारांतले तीन किसलेले त्यांनी बरोबर ओळखले, एक चुकला. म्हणजे ठेचलेल्यांतलाही एक चुकला. आठांपैकी सहा बरोबर. सासूबाई आनंदल्या. "बघ, बारा आण्यांची गोष्ट सांगितली की नाही!" बाई शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, डोळे मिटून बोटे ठेवली तरी सहा किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याचा संभव ७० तून १७ आहे. म्हणजे जवळजवळ चारांतून एक." सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मी खोटी?" बाई म्हणाल्या, "मुळीच नाही. तुम्हांला कळतही असेल. आठ कपांनी ते सिद्ध होत नाही, एवढेच."

सासूबाई रुसल्या त्या तीन दिवस. पण मी तेथेच उभी होते, हातात ट्रे घेऊन, आणि माझ्या कानांत एकच गोष्ट घुमत होती: आठांपैकी सहा. माझेही तेच होते. माझे ७५ टक्के तेच होते.

त्या दिवशी संध्याकाळी मी बाईंना विचारले, आठांतल्या सहांवरून मग म्हणायचे तरी काय? त्यांनी एक सोपी युक्ती दाखविली. ती कोणालाही करता येईल. जमले त्यांत दोन मिळवा, न जमले त्यांत दोन मिळवा. म्हणजे आठांतल्या सहाच्या जागी बारांतल्या आठ होतात. त्यावर थोडे वर्गमूळ काढायचे. उत्तर आले, की खरा आकडा शंभरात ४० पासून ९३ पर्यंत कोठेही असू शकेल. आणि तेसुद्धा आठजणी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या असत्या तर! ४० म्हणजे निम्म्याहून कमी बायकांना जमते, ९३ म्हणजे जवळजवळ सगळ्यांना. ह्या दोन गोष्टींमधला फरक कंपनीच्या दृष्टीने थोडा असेल, पण त्या वाडीतल्या बाईच्या दृष्टीने चार दंडांचा होता. अहवालात मी "आठांपैकी सहाजणी" एवढेच लिहिले असते, तरी वाचणाऱ्याने विचारले असते, "आठच?" ७५ टक्के लिहिले, म्हणून कोणी विचारले नाही. टक्क्याच्या पदराआड माणसांची संख्या लपते.

येथे माझ्या व्यवसायातल्या एका प्रसिद्ध समजुतीविषयी सांगायला हवे, कारण नवीन मुली तिच्यावर फार विसंबतात. जेकब नील्सन नावाच्या तज्ज्ञांनी २००० साली लिहिले, की एखाद्या वस्तूचे दोष शोधायचे तर पाच माणसे पुरतात. ते खोटे नाही. शंभरातल्या ३१ जणांना अडविणारा दोष असेल, तर तो पाचांत निदान एकाला तरी दिसण्याचा संभव सुमारे ८५ टक्के आहे. पण दोष शंभरात दहाच जणांना अडविणारा असेल, तर तो पाचांत दिसण्याचा संभव अवघा ४१ टक्के. आणि मुख्य म्हणजे ती पाच माणसे दोष आहे एवढे सांगतील. किती जणांना आहे, हे मुळीच सांगू शकणार नाहीत. डाळीत खडा आहे हे एका घासाने कळते. पोत्यात खडे किती, हे त्या घासाने कसे कळेल?

भगिनींनो, मी वर्षभर शिकले. आधी कागदावर, मग संगणकावरच्या तक्त्यांत, मग आर नावाच्या फुकट मिळणाऱ्या आज्ञावलीवर. ती न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी रचलेली आहे, आणि स्वल्पविराम चुकला की ती घरच्या मोठ्या माणसांसारखी रुसते. त्याचे वर्णन करून तुमचा वेळ घेत नाही. पोटात दुखणे पहिले तीन महिने होते, नंतर गेले. अर्धे दुखणे गणिताचे नव्हतेच. आपल्याला येत नाही, हे मुलांच्या वयाच्या सहकाऱ्यांना कळेल, ह्याचे होते. एकदा मी बाईंना म्हटले, हे बायकांचे काम नव्हे बहुधा. त्या एवढ्या एकदाच माझ्यावर चिडल्या. इरावतीबाई कर्व्यांनी बर्लिनला जाऊन माणसांच्या कवट्या मोजून डॉक्टरेट मिळविली, आणि मायदेशी परतल्यावर माणसे मोजलीही आणि ठिकठिकाणची नातीगोती ऐकून लिहून घेऊन १९५३ साली त्यावर मोठा ग्रंथही प्रसिद्ध केला. त्यांनी मोजणे आणि ऐकणे ही कामे कोणाकोणाला वाटून दिली होती, असे बाईंनी मला विचारले. मी गप्प बसले.

पण मला जे मिळाले त्यातले सर्वांत उपयोगाचे असे, की जुने काही टाकावे लागले नाही. उलट तेच उपयोगी पडले. एक उदाहरण देते. एखादी वस्तू वापरायला किती सोपी आहे, हे मोजण्याची दहा वाक्यांची एक प्रश्नावली आहे. जॉन ब्रुक ह्यांनी ती १९८६ साली तयार केली आणि आज जगभर वापरतात. त्यातले एक वाक्य स्तुतीचे, पुढचे निंदेचे, अशी ती गुंफलेली आहे, म्हणजे माणसाने डोळे झाकून सगळीकडे "होय" म्हणू नये. आमच्या कार्यालयातल्या मुलांनी तिचा मराठी तर्जुमा करून आणला. त्यातले एक वाक्य असे होऊन बसले होते: "हे वापरणे मला अवघड वाटले नाही." आता सहमत की असहमत? मी पाठविण्यापूर्वी दहाजणींना ते मोठ्याने वाचायला लावले. एक म्हणाली, "होय, नाही वाटले." दुसरी म्हणाली, "नाही, नाही वाटले." दोघींच्या मनात एकच, आणि खुणा दोन टोकांना! ही प्रश्नावली शेकडोजणींना गेली असती, तर आमच्या हाती अत्यंत नेमका असा चुकीचा आकडा आला असता. तसेच "आवडले का?" हा प्रश्न. आपल्याकडे पाहुण्याने जेवताना विचारले तर कोण नाही म्हणेल? म्हणून मी तो काढून टाकून विचारले, "मागचा हप्ता कोणी भरला? कोणाच्या फोनवरून?" तेव्हा कळले, की यादीत नाव बाईचे, पण पडद्यावर फिरणारे बोट मुलाचे किंवा दिराचे. संगणक मात्र मोठ्या विश्वासाने सांगत होता, की ही बाई ॲप वापरते.

कंपनीतल्या एका हुशार गृहस्थांनी मला आणखी एक आकडा दाखविला. ॲपवरून भरणाऱ्या बायकांचे हप्ते वेळेवर येतात, इतरांचे चुकतात. तेव्हा ॲपमुळेच शिस्त लागते. मी तो आकडा बाईंना सांगितला. त्या म्हणाल्या, "वैशाखात आंबे येतात आणि वैशाखात लग्ने होतात. आंबे आल्यामुळे लग्ने होतात का?" ज्या घरात महिन्याचा पगार येतो त्याच घरात चांगला फोन असतो, आणि तेथलाच हप्ता वेळेवर जातो.

आता त्या वाडीकडे परत येते. शिकून झाल्यावर मी कंपनीला म्हटले, मला पुन्हा एकदा पाहू द्या. ह्या वेळी वसुलीच्या माणसाची यादी नको. त्या भागातल्या सगळ्या कर्जदार बायकांची द्या. त्यातून संगणकाने चिठ्ठ्या टाकून ३०० नावे काढली. फोन लावले. १४८ जणी बोलल्या. त्यांतल्या ६१ जणींना ॲपवरून स्वतः हप्ता भरता येत नव्हता. म्हणजे शंभरात सुमारे ४१. पूर्वीची मी असते तर एवढ्यावर अहवाल लिहून मोकळी झाले असते. पण उरलेल्या १५२ जणी कोठे गेल्या? फोन बंद, क्रमांक चुकीचा, नाहीतर पुरुषाने उचलून ठेवून दिलेला. बाई म्हणाल्या, "न भेटलेल्यांतून पुन्हा चिठ्ठ्या टाक. थोड्याच काढ, पण त्यांना सोडू नकोस." मी २० नावे काढली आणि घरे शोधत गेले. हे काम मला येत होते. बारा वर्षे तेच केले होते. कोणी उसाच्या तोडीवर, कोणी माहेरी. तीन आठवडे लागले. विसांपैकी तेराजणींना ॲपवरून भरणे शक्य नव्हते. त्या १५२ जणींना हे प्रमाण लावले आणि दोन्ही मिळविले, तेव्हा शंभरात ४१चे ५३ झाले. विसांवरून काढलेला तो अदमास आहे, थोडा इकडेतिकडे होईल, हेही मी लिहिले. माझ्या आधीच्या अहवालात शंभरात २५ जणींना जमत नव्हते.

दुसऱ्या अहवालाच्या पहिल्या पानावर मी दोन्ही गोष्टी घातल्या, आकडा आणि डब्यातल्या पैशांची हकीगत. नुसती हकीगत घेऊन मी पूर्वीही गेले होते. तेव्हा "अशी एखादी असायचीच" असे उत्तर मिळाले होते. ह्या वेळी ते उत्तर कोणी दिले नाही. माणसे पुन्हा घरोघर जाऊ लागली, महिन्यातून एकदा. दंड मात्र सगळ्यांचे परत मिळाले नाहीत. ज्यांनी भरून टाकले होते त्यांचे गेले ते गेलेच. त्या बाईचे चारांपैकी दोन परत आले. मी तिला सांगायला गेले होते. ती म्हणाली, "दोन तर दोन," आणि चहा टाकला.

जाता जाता आपल्या सगळ्यांच्या घरचा एक आकडा सांगते. तो सरकारी आहे, माझा नव्हे. २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली. कोण दिवसाचे किती मिनिटे काय करतो, हे घरोघर जाऊन लिहून घेतले. बिनपगारी घरकामात बायकांची २९९ मिनिटे आणि पुरुषांची ९७ मिनिटे जातात, असे तीत निघाले. वर्तमानपत्रांत छापून आले, तेव्हा आमच्या घरातले पुरुष म्हणाले, "९७ म्हणजे दीड तासाहून जास्त. काही कमी नाही!" मीही आधी गप्प बसले असते. पण आता खोड लागली आहे. मी विचारले, ही सरासरी कोणाची? वाचून पाहिले तर ती केवळ त्या दिवशी घरकाम केलेल्यांची होती. ज्यांनी हातच लावला नाही, ते तीत धरलेले नाहीत. आणि हात लावणारे पुरुष शंभरात सुमारे २६ होते, बायका ८१. आता न करणाऱ्यांनाही पंगतीत बसवा आणि सगळ्यांना सारखे वाढा. पुरुषांच्या वाट्याला ९७ च्या जागी सुमारे २५ मिनिटे येतात, बायकांच्या वाट्याला सुमारे २४२. पहिल्या आकड्यांत बायकांचे काम तिप्पट दिसत होते, दुसऱ्यांत ते नऊपटीच्या वर जाते. दोन्ही आकडे खरे आहेत. २०२४ साली हीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हा करणाऱ्यांची सरासरी बायकांची २८९ आणि पुरुषांची ८८ मिनिटे निघाली. वाटल्यास हा कागद घरी नेऊन स्वयंपाकघराच्या दारावर लावावा. मी लावला आहे. परिणाम काय झाला, हे सांगण्याइतकी माहिती अजून जमलेली नाही.

सासूबाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांचे म्हणणे असे, की त्या दिवशी त्यांना सर्दी होती, आणि आठ कप ही काही परीक्षा नव्हे. बाईंनाही ते मान्य आहे. म्हणून येत्या रविवारी बारा कप ठरले आहेत, सहा किसलेले आणि सहा ठेचलेले. बारांतून सहा निवडण्याचे प्रकार ९२४ होतात, म्हणजे सगळे बरोबर आले तर कोणालाच तोंड उघडायला जागा उरणार नाही. ज्यांना पाहायला यायचे असेल त्यांनी सकाळी दहापर्यंत यावे आणि येताना आपापला कप आणावा, कारण आमच्याकडे एका रंगाचे बाराच आहेत.